काहीही खाऊ नका

दंडावरचा पट्टा तिसऱ्यांदा आवळला, फुगला, थांबला आणि फुस्स करून सुटला, तेव्हा त्या नर्सनं यंत्राकडे पाहिलं, ग्वाक जोंगरिमकडे पाहिलंच नाही, आणि म्हणाली, "अहो आई, बीपी फार वर गेलेत हो आज. असे असतील तर ऑपरेशन नाही व्हायचं." जोंगरिमला पहिल्यांदा राग आला तो 'गेलेत'चा. ऑपरेशन होणार नाही हे तिच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला. बीपी गेलेत! कोण हे मोठे लागून गेलेत? सासरे की मंत्री? सगळी हयात कोरियातल्या देगू शहरात एका मुलींच्या शाळेत भाषा शिकवण्यात गेली होती तिची, मान कुणाला द्यायचा आणि क्रियापदाच्या शेपटीला तो कसा लावायचा हे तिनं हजारो मुलींकडून घोकून घेतलं होतं, आणि आता या इस्पितळात ज्याला त्याला मान होता. सकाळी एकीनं सांगितलं, "लिफ्ट त्या बाजूला आहेत, येतीलच." दुसरीनं सलाइनची सुई हातात खुपसताना सांगितलं, "सुई आत येतायत हं." सुई आल्या, लिफ्ट आले, बीपी वर गेले, सगळ्यांचं यथासांग आदरातिथ्य चाललं होतं. फक्त ज्या बाईच्या दंडावर हा सगळा मानपान चालला होता तिच्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती. आणि वर 'आई'. जोंगरिमनं लग्न केलं नव्हतं. तिला मूलबाळ नव्हतं, नको होतं, आणि त्याबद्दल तिला कधी खंतही वाटली नव्हती. जन्मभर तिला सगळे 'बाई' म्हणाले. ग्वाक बाई. या इमारतीच्या काचेच्या दारातून आत पाऊल टाकल्याबरोबर ती सगळ्या जगाची आई झाली, आणि आईला काय, काहीही सांगितलं तरी चालतं.

"सकाळी बीपीची गोळी खाल्लीत ना?" नर्सनं विचारलं. कोवळी पोर होती, छातीवरच्या बिल्ल्यावर आरिन असं नाव. जोंगरिमनं मान हलवली, नाही म्हणून. "नाही? अय्या, का नाही खाल्ली?" जोंगरिमनं तोंड उघडलं. घशातून सुकी खरखर निघाली, पाटीवर तुटका खडू ओढावा तशी, आणि आरिननं ती ऐकण्याआधीच पडदा बाजूला सारून बाहेर हाक मारली, "ग्वाक जोंगरिम यांचे पालक कुठायत? पालक!"

पालक! वर्गात उच्छाद मांडणाऱ्या मुलींना ती म्हणायची, उद्या पालकांना घेऊन ये. आज तिच्या पालकांना बोलावणं आलं होतं, कारण इथं पेशंटबरोबर जो येईल तो पालक, आणि पालक म्हणजे तिचा धाकटा भाऊ तेग्यु, ज्याचं नाक तिनं पुसलं होतं, ज्याला तिनं पाढे शिकवले होते, आणि ज्याला अजून बायकोच्या मदतीशिवाय स्वतःचे मोजे सापडत नाहीत. तो बाहेरून धावत आला. हातात बर्फाच्या कॉफीचा भलामोठा पेला होता, तो त्यानं पाठीमागे लपवला, कारण बहीण काल रात्रीपासून निर्जळी होती. पेल्याचं पाणी मात्र त्याच्या मागे फरशीवर टपकत राहिलं. आरिननं सगळं त्याला सांगितलं. बीपी किती, किती असायला हवं, गोळी खाल्ली नाही, असं कसं केलं, आता भूलतज्ज्ञ डॉक्टर काय म्हणतात बघू. जोंगरिम मधोमध पलंगावर आणि बोलणं तिच्या अंगावरून, इकडून तिकडे.

"अगं ताई, गोळी का नाही खाल्लीस?" तेग्यु कळवळून म्हणाला.

"खाऊ नका म्हणाले," जोंगरिमनं जोर लावून सांगितलं.

"गोळी नाही गं! जेवण! जेवायचं नाही असं म्हणाले असतील."

"काहीही," ती म्हणाली. "काहीही खाऊ नका म्हणाले."

आरिनला हसू आलं. वाईट मनानं नाही हसली, आजीच्या एखाद्या खुळ्या प्रश्नाला नात हसते तशी हसली. "अहो आई, गोळी म्हणजे काय खाणं असतं का? एवढं तर सगळ्यांनाच कळतं."

एवढं तर सगळ्यांनाच कळतं. जोंगरिमच्या कानशिलात काहीतरी ठणठण वाजायला लागलं. खाणं नसतं? या भाषेत दुसरं काय करतात गोळीचं? कोरियात औषध घेत नाहीत, खातात. काढा असला तरी खातात. नुसतं औषधच कशाला, नवं वर्ष लागलं की एक वय खातात, काळोखात धसका खातात, साहेबाच्या शिव्या खातात, आणि एखादी गोष्ट करायचीच असं ठरवलं की मन खातात. हा धडा ती दर वर्षी रंगवून शिकवायची आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायची, "बाई, मन कसं लागतं हो?" ती सांगायची, "कडू असतं. पण पचतं." मुली खिदळायच्या. म्हणजे काहीही खाऊ नका या वाक्यात भात येतो, पाणी येतं, आणि औषधही येतं. 'काहीही'ला अपवाद असेल तर तो वाक्यात लिहावा लागतो. तो लिहिला नाही, ही चूक लिहिणाऱ्याची. परीक्षेत कुणी असं वाक्य लिहिलं असतं तर तिनं लाल पेन्सिलीनं खाली रेघ मारली असती. इथं मात्र ज्यांनी चुकीचं वाक्य लिहिलं ते हसत होते आणि जिनं ते बरोबर वाचलं ती वेडी ठरली होती.

आणि तिनं विचारलं नव्हतं असं थोडंच होतं! काल दुपारी इस्पितळातून फोन आला तेव्हा ती ओट्याशी उभी राहून काकडी कापत होती का भोपळा, ते आता आठवत नाही, पण हात ओला होता आणि फोन निसटत होता हे आठवतं. खिडकीबाहेर देगूचं ऊन सिमेंटवर नुसतं रटरटत होतं. "आई, उद्या ऑपरेशन आहेत ना तुमचे? रात्री बारानंतर काहीही खाऊ नका हं. पाणीसुद्धा नाही." तिनं विचारलं, "औषध?" पलीकडून, "अं?" तिनं पुन्हा, छातीतून जोर काढून, "औषध. बीपीचं." "हॅलो? आई, तुमचा आवाजच येत नाहीये. शेजारी कुणी आहे का? त्यांच्याकडे द्या ना फोन." शेजारी कुणी नव्हतं. पंखा होता, आणि कुंडीतलं अनंताचं झाड. तिसऱ्यांदा औषध म्हणेपर्यंत पलीकडची मुलगी, "बरं, मेसेज पाठवते हं," म्हणून गेली होती. मेसेज आला. त्यात तेच वाक्य होतं, शिवाय शेवटी एक हसरा चेहरा. जिच्या घशावर शस्त्रक्रिया करायची आहे तिला आवाज नसणार, हे इस्पितळाला ठाऊक नसावं! मग ती उन्हातून खाली उतरून गल्लीतल्या दवाखान्यात गेली. तिथला म्हातारा डॉक्टर गेली कित्येक वर्षं तिला बजावत आला होता की आभाळ कोसळलं तरी गोळी एक दिवस चुकवायची नाही. दवाखान्याच्या दाराला उन्हाळी सुट्टीची पाटी होती. खालचं औषधाचं दुकान त्याच दवाखान्याच्या जिवावर चालतं, तेही बंद. तेग्युला मेसेज केला, त्यानं उत्तर दिलं, 'ताई, डॉक्टर सांगतील तसं कर.' डॉक्टर! आज सकाळी दिव्याखाली उभं राहून तिनं पुड्यांच्या पट्टीतून एक पुडी फाडून घेतली. पारदर्शक पुडी, आत दोन गोळ्या, एक गोल पांढरी, एक लांबट गुलाबी, पुडीवर 'सकाळ' असं छापलेलं. दुकानदार रोजच्या गोळ्या अशाच एकत्र बांधून देतो. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. एकीकडे चुकवायची नाही, दुसरीकडे काहीही नाही. शेवटी तिनं नंतर सांगितलेलं आणि लिहून दिलेलं मानलं, पुडी पर्समध्ये टाकली आणि भावाच्या गाडीत जाऊन बसली.

भूलतज्ज्ञ आला तो मेंग नावाचा तरणा डॉक्टर होता, डोळ्यांखाली झोपेची काळी वर्तुळं आणि पायात रबरी चपला. त्यानं आकडा बघितला, जीभ टाळूला लावून चक् केलं आणि तेग्युकडे वळून म्हणाला, "एवढ्या बीपीवर भूल देणं धोक्याचं आहे. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हृदयाला झटका बसू शकतो. आज पुढं ढकलावं लागेल असं दिसतंय." तेग्यु म्हणाला, "कधीपर्यंत?" तर सर्जन परवा परदेशी शिकायला चालले होते, परत येणार ते छुसॉक झाल्यावर. छुसॉक म्हणजे सुगीचा सण, पानं पिवळी पडायच्या वेळचा. आता तर उन्हाळा ऐन भरात होता. गेल्या थंडीपासून जोंगरिमचा आवाज बसला होता. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं वय, मग कॅमेरा घशात घालून पाहिलं तर स्वरतंतूवर एक पांढरा डाग, तांदळाच्या कणीएवढा. सर्जननं सांगितलं होतं, काढून तपासल्याशिवाय तो कसला आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. साधा असेल तर आवाज परत येईल. साधा नसेल तर, असं म्हणून त्यानं वाक्य अर्धंच सोडलं होतं. अर्धवट वाक्यांची तिला चीड होती, पण त्या दिवशी तिनं ते पुरं करायला सांगितलं नाही. आता ती कणी अख्खा उन्हाळा तिच्या घशात बसून राहणार, वाढणार की नाही कुणी सांगावं, आणि हे सगळं कशासाठी, तर एका वाक्यात चार शब्द कमी पडले म्हणून.

"गोळ्या कुठल्या खातात त्या?" मेंगनं तेग्युला विचारलं.

"बीपीच्याच असतील," तेग्यु म्हणाला.

जोंगरिमनं पर्स ओढली, पुडी काढली आणि दोघांच्या मध्ये हात लांब केला. डॉक्टरला ती घ्यावीच लागली. त्यानं ती उजेडात धरली, पुन्हा चक् केलं, पण या वेळी वेगळं. "दोन आहेत होय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाला, "ही गोल जी आहे ना, ही आज सकाळी हवीच होती. ही अचानक थांबवली की बीपी उसळी मारतं. पण ही लांबट, ही आज नकोच. ही खाऊन आला असता ना, तर भूल दिल्यावर बीपी असं घसरलं असतं की आम्हालाच घाम फुटला असता."

आरिन म्हणाली, "अय्या." तेग्यु आपल्या बुटांकडे बघायला लागला. म्हणजे, जोंगरिमच्या डोक्यात लख्ख पडलं, आता हे सगळे जे म्हणतायत की एवढं कळायला हवं होतं, पुडी खाऊन यायला हवं होतं, त्यांचं ऐकून तिनं अख्खी पुडी खाल्ली असती तर तेही चूकच ठरलं असतं! खा म्हटलं तरी चूक, नको म्हटलं तरी चूक. बरोबर उत्तर पुडी फाडून एक खा आणि एक ठेव असं होतं, आणि ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. 'सगळ्यांनाच कळतं' म्हणे! तिला वाटलं उठावं, हातातली सुई उपटावी, आणि या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर जाऊन पलंगापलंगाला लटकवलेली 'उपाशी' अशी पाटी काढून फेकावी.

"एक करू," मेंग घड्याळाकडे बघत म्हणाला. "गोल गोळी आता देतो. आजच्या यादीत यांना सगळ्यांत शेवटी ठेवू. तोपर्यंत उतरलं तर घेऊ. नाही उतरलं तर मात्र छुसॉकनंतर. आणि आई, एक करायचं, अजिबात चिडायचं नाही. चिडलात की चढणार."

"ताई कधी चिडत नाही आता," तेग्यु म्हणाला. "शाळेत भाषा शिकवायची तेव्हा विचारू नका. अख्खं मैदान हादरायचं. म्हातारपणी स्वभाव निवळला अगदी."

निवळला! आवाज गेला म्हणून गप्प बसते, त्याला हा स्वभाव निवळला म्हणतो. गेल्या सहा-सात महिन्यांत सगळेच म्हणायला लागले होते. भाजीवाली म्हणाली होती, पेन्शनरांच्या सहलीत कुणीतरी म्हणालं होतं, आणि ऐकून त्यांना किती बरं वाटत होतं! आरिननं कागदी पेल्यात घोटभर पाणी आणलं. घोटभरच, वर एक थेंब नाही. काल रात्रीपासून कोरड्या पडलेल्या जिभेवर ते पाणी गेलं तेव्हा तिला रडू यायचंच बाकी राहिलं. गोळी गेली, पाणी गेलं, आणि मागे ओठांवर जो ओलावा राहिला तो तिनं जिभेनं पुसून घेतला. त्यात कशी कुणास ठाऊक, तिला आईची मुळ्याची कांजी आठवली.

आईच्या मोरीत एक मडकं होतं. थंडीत त्यात मुळे मिठाच्या पाण्यात घातलेले असायचे, वर बर्फाचा पापुद्रा. आई चुलीपुढून उठायची, मुठीनं छाती बडवायची, धप्, धप्, पापुद्रा फोडून वाडगाभर आंबट गार पाणी एका दमात प्यायची आणि मग परत येऊन भात वाढायची. लहानपणी जोंगरिमला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच छाती बडवतात. वडील बाजाराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या बाईकडे राहायला गेले होते. तरी त्यांचे सदरे धुऊन, इस्त्री करून आईच पाठवायची, आणि पोचवायला जोंगरिमला जावं लागायचं. एकदा ती त्या दारात सदरे टाकून परत आली आणि म्हणाली, आता मी जाणार नाही. आईनं वाडगा तिच्या हातात दिला. "गिळ," म्हणाली. "खाली जातं." जोंगरिमनं पाणी प्यायलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सदरे घेऊन गेली. आईनं तर जन्मभर गिळलं, सासूचं, नवऱ्याचं, शेजाऱ्यांचं, आणि ते खाली गेलं नाही. एका हिवाळ्यात कोबीचे गड्डे धुताधुता ती मोरीतच कोसळली. तोंड वाकडं झालं, वाचा गेली, शेवटचे दिवस ती नुसती घशातून आवाज काढत होती आणि कुणाला काही कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाला, बीपी. तेव्हा त्यांच्या गल्लीत बीपीची गोळी कुणाला माहीत होती? सगळे रोगाचं नाव वेगळं सांगत, म्हणत, रागाचा आजार, बायकांना होतोच. खाली जातं म्हणाली होती आई. ते तर वर वर चढत होतं सगळं आयुष्य. आईला माती दिली त्या दिवशी जोंगरिमनं मन खाल्लं की आपण काही म्हणता काही गिळायचं नाही. आणि नाही गिळलं. शाळेच्या पहिल्याच मेजवानीत मुख्याध्यापकांनी नव्या शिक्षिकांना खुणावलं, पेले भरा. जोंगरिमनं बाटली उचलून त्यांच्याच पुढ्यात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हात दुखतायत का सरांचे?" त्याबद्दल तिला पुढं भोगावं लागलं. तिची बढती अडली, तिला सगळ्यांत टारगट वर्ग देण्यात आले, पण तिच्या छातीवर मुठीचा वळ कधी उठला नाही.

पट्टा पुन्हा आवळला. यंत्र आपणहून थोड्या थोड्या वेळानं मोजत होतं. आकडा तसूभर हलला होता, बस्स. तेग्यु खुर्ची ओढून शेजारी बसला, त्यानं तिचा हात हातात घेतला. "ताई," तो हळूच म्हणाला, "राग गिळ गं. आज एक दिवस गिळ. तुझ्याच भल्यासाठी." त्याचे डोळे पाणावले होते. तो घाबरला होता, हे तिला दिसत होतं. आईच्या शेवटच्या दिवसांत तोच उशाशी बसून असायचा. त्याच्यावर तिला चिडताही येईना, आणि न चिडताही येईना. केवढी ही लबाडी होती! काल रात्रीपासून काहीही गिळू नका, आणि आता राग मात्र गिळा. तिचा राग खोटा होता का? कुणी म्हणावं समोर येऊन की खोटा होता. चूक त्यांची, बोलणी तिनं खाल्ली, घसा तिचा, जीव तिचा, आणि राग आला तर शिक्षाही तिलाच, कारण राग तिच्याच दंडावर मोजला जात होता. ज्यांनी चूक केली त्यांच्या दंडाला कुणी पट्टा बांधत नव्हतं. पण आवाज तर हवा होता तिला. पुन्हा हवा होता, पहिल्यासारखा, मैदानापलीकडे जाणारा. त्यासाठी आज इथं गुमान पडून राहायला हवं होतं. तिनं डोळे मिटले. मनाशी क्रियापदं चालवून पाहिली, जशी मुलींकडून चालवून घ्यायची. जातो, जाते, जातात. गेला, गेली, गेले. गेलेत. बीपी गेलेत! पुन्हा आग आग झाली. तिनं फुलं आठवली, अनंताची कुंडी आठवली, कुंडीबरोबर फोन आठवला, शेजारी कुणी आहे का, त्यांच्याकडे द्या ना. शांत व्हायला निघालं की प्रत्येक वाट इथंच येत होती. शेवटी तिनं तो नाद सोडला. होऊ दे काय व्हायचं ते. ती चिडूनच पडून राहिली, अगदी पोटभर चिडली, दात ओठ खाऊन, एकेकाला मनातल्या मनात उभं करून वाक्य दुरुस्त करायला लावत, आणि गिळलं तिनं काही नाही.

दुपार कलल्यावर कधीतरी पट्टा आवळून सुटला आणि आरिन टाळी वाजवून म्हणाली, "आले, आले! खाली आले! बघा आई, शांत पडलात ना, बीपी कसे छान खाली आले!"

"म्हटलं नव्हतं मी?" तेग्यु तिचा हात दाबत म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता.

जोंगरिम इतकी संतापली होती की तिला क्षणभर काही दिसेना. त्या घडीला ती सकाळपेक्षा दुप्पट पेटलेली होती, आणि यंत्र म्हणत होतं सगळं ठीक. काम त्या गोल पांढऱ्या गोळीनं केलं होतं, जी सकाळी खायची होती, जिच्याबद्दल तिनं तीनदा विचारलं होतं. आता श्रेय गिळण्याला जाणार, आणि उद्या ही पोर दुसऱ्या कुठल्यातरी बाईला सांगणार, चिडू नका आई, परवा एक आई होत्या, शांत पडून राहिल्या आणि झालं सगळं नीट. आईच्या मोरीतलं ते मडकं अजून भरलेलंच होतं म्हणायचं. तिनं तोंड उघडलं, पण पलंगाची चाकं तोवर सुटली होती.

शस्त्रक्रियेच्या दाराशी एक पिवळी रेघ होती. तिथं कुणीतरी म्हणालं, "पालकांनी बाहेर थांबा." तेग्यु थांबला. आत गारठा होता, डोक्यावर मोठा दिवा, भोवती चार-सहा झाकलेले चेहरे. त्यांतला एक मेंग, वर्तुळांवरून ओळखू आला. "आता तुम्हीच सांगायचं," तो म्हणाला. "नियम आहे, पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगायला लागतं. नाव?" दिवसभर जे तोंड कुणाला नको होतं त्याची आता नियमाला गरज पडली होती. "ग्वाक जोंगरिम," ती म्हणाली. खरखर त्या फरशांच्या खोलीत नीट ऐकू गेली. "कसलं ऑपरेशन?" "आवाजाचं." "छान. आता हा मास्क लावतो, मोठा श्वास घ्यायचा."

तिनं मास्क हातानं धरला आणि बाजूला केला. पुढं आवाज येईल की नाही हे ठाऊक नव्हतं. जो होता तो हाताशी होता.

"मी शांत नाही," ती म्हणाली. "गोळीनं उतरलं."

मेंग खाली वाकला. "हो. गोळीनंच उतरलं."

"वाक्य चुकलंय तुमचं. बरोबर म्हणा."

कुणीतरी घड्याळाकडे पाहिलं. मेंगनं नाही पाहिलं. त्यानं शाळेतल्या पोरासारखा घसा खाकरला. "रात्री बारानंतर काहीही खाऊ नका. बीपीची गोळी मात्र खा."

"कोणती?"

तो अडखळला. "कोणती खायची आणि कोणती ठेवायची, ते आम्ही सांगू. पुडी बघून सांगू."

"कुणाला?"

"पालक..." तो थांबला. "पेशंटला."

"आवाज आला नाही तर?"

मास्कच्या वर मेंगचे थकलेले डोळे तिच्यावर होते, आणि सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी तिचा प्रश्न पुरता ऐकून त्याच्या उत्तराचा विचार करत होतं.

"ऐकू येईपर्यंत विचारू," तो म्हणाला.

"आता सगळं. पुन्हा."

त्यानं सगळं पुन्हा म्हटलं, एक शब्द न गाळता, आणि शेवटी विचारलं, "बरोबर आहे का, बाई?"

जोंगरिमनं मान हलवली आणि मास्क धरलेला हात सोडला. राग होता तिथंच होता, गिळलेला नव्हता, आणि यंत्रावरचे आकडे अगदी ठीक होते.